हंगाम संपल्यानंतर: शिकारी कुत्र्यांच्या वसंतातील सरावाविषयी वाचकांचे प्रश्न

शिकारीचा एक हंगाम संपला आहे आणि पुढचा सुरू व्हायला बराच अवकाश आहे, अशा मधल्या काळात कुत्र्याचे काय करावे, या एकाच चिंतेभोवती या वेळची बहुतेक पत्रे फिरत आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे वगळून उत्तरे देत आहे.

प्रश्न: आमचा लॅब्रॅडॉर साडेतीन वर्षांचा आहे. पहिल्या हंगामात बंदुकीचा आवाज झाला तरी तो बसून राहत असे आणि हुकूम मिळाल्यावरच पाखरू आणायला जात असे. या हंगामात मात्र आवाज होताच तो धावत सुटू लागला, आणि शेवटी शेवटी तर शिट्टीलाही जुमानेनासा झाला. त्याला आताच शिकवायला घ्यावे, की काही महिने मोकळे सोडावे?

उत्तर: तुमच्या कुत्र्याला जुना धडा आठवत नाही, असे समजू नका. हंगामाच्या धांदलीत त्याला एक नवा धडा मिळाला आहे आणि तो तुम्ही दिलेला नाही. बंदूक वाजताच धाव घेतली तर पाखरू इतरांच्या आधी आपल्या तोंडात येते, हे त्याने काही वेळा अनुभवले. त्या क्षणी तुमचे लक्ष नेमाकडे किंवा सोबत्यांकडे असणार, आणि पाखरू हाती आल्याच्या आनंदात तुम्ही त्याला रोखलेही नसेल. हंगामात कुत्र्याला मोबदला सावजाकडून मिळतो आणि त्यावर आपला ताबा नसतो. वसंतात बंदूक कपाटात असते, पाखरे पडत नाहीत, आणि त्यामुळे धावण्याचा, उचलून आणण्याचा, पोहण्याचा किंवा खाण्याचा प्रत्येक आनंद कुत्र्याला मालकाच्या हातूनच मिळू शकतो. या काळाची खरी किंमत एवढ्या एका गोष्टीत आहे. म्हणून नव्या करामती शिकवण्याच्या मागे न लागता, हंगामात ढिल्या पडलेल्या सवयी, त्याही एका वेळी एकच, घट्ट करून घ्याव्यात, असे माझे मत आहे.

आधी दोन ते चार आठवडे विश्रांती द्या. विश्रांती म्हणजे साखळीला बांधून ठेवणे नव्हे. रोजचे फिरणे चालू ठेवा, फक्त डमी, म्हणजे पाखराऐवजी फेकून आणायला लावायची सरावाची वस्तू, आणि शिट्टी बाजूला ठेवा. याच काळात पशुवैद्याकडून दात, कान, पंजांच्या गाद्या आणि सांधे तपासून घ्या. झोपेतून उठल्यावर पहिली काही पावले कुत्रा लंगडत चालत असेल आणि नंतर ठीक चालत असेल, तर ते पशुवैद्याला आवर्जून सांगा, कारण सांध्याच्या दुखण्याची सुरुवात पुष्कळदा अशीच दिसते. अवज्ञा म्हणून ज्याला आपण रागावतो, त्यामागे कधी कधी न ऐकू येणारा कान किंवा दुखणारा खांदाही असतो.

त्यानंतर शिट्टी. हंगामात तुम्ही ती वाजवत राहिलात आणि कुत्रा आपल्या मनाने धावत राहिला, असे जितक्या वेळा घडले तितक्या वेळा शिट्टीचा अर्थ त्याच्यासाठी पुसट होत गेला. रिट्रीव्हर (पडलेले पाखरू आणणाऱ्या) आणि स्पॅनिएल (झुडपांतून पाखरे उठवणाऱ्या) कुत्र्यांच्या शिट्ट्यांवर २११.५ किंवा २१०.५ असा आकडा कोरलेला असतो, आणि तो पाहून घेतल्यास हरवलेल्या शिट्टीच्या जागी नेमक्या त्याच सुराची दुसरी आणता येते. तुमच्या बाबतीत मात्र जुना सूर दुरुस्त करत बसण्यापेक्षा वेगळ्या सुराची शिट्टी आणून, पाच पावलांच्या अंतरावरून, जणू पिल्लालाच शिकवत आहोत अशा रीतीने बसण्याचा हुकूम पुन्हा शिकवणे सोपे जाईल. अंतर वाढवताना सुमारे दहा मीटरचा हलका दोर गळपट्ट्याला लावा, आणि कुत्रा ऐकण्याची शक्यता नसेल तेव्हा शिट्टी वाजवूच नका.

धावत सुटण्याच्या सवयीवरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण तो लागू पडतो. कुत्र्याला बसवा, डमी फेका, आणि बहुतेक वेळा ती स्वतः चालत जाऊन उचलून आणा. चार-पाचांतली एखादीच त्याला आणू द्या, आणि तीही फेकल्यानंतर थोडा वेळ थांबून, त्याचे लक्ष तुमच्याकडे वळल्यावर. पडलेली प्रत्येक वस्तू आपली नसते, हे त्याला अशाने समजते. हे पक्के झाल्यावर मदतनीसाला दूर उभे करून खेळण्यातल्या पिस्तुलाचा बार काढायला सांगा आणि प्रत्येक बारापाठोपाठ बसण्याची शिट्टी व खाऊ द्या. काही दिवसांनी नुसता बार ऐकूनच त्याचे पाय दुमडतील. शेवटी दुसऱ्या कुत्र्याला त्याच्यासमोर काम करू द्या आणि तुमच्या कुत्र्याने नुसते पाहत बसावे. ही शेवटची पायरी अनेक जण गाळतात आणि मग पुढच्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी, चार कुत्री एकत्र आल्यावर, सगळे मुसळ केरात जाते.

प्रश्न: सराव रोज करावा का? मी रोज तासभर देतो, पण कुत्रा शेवटच्या वीस मिनिटांत नुसता वेळ काढताना दिसतो.

उत्तर: कुत्रा बरोबर आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी बीगल जातीच्या कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही कुत्र्यांना आठवड्यातून एक-दोनदा आणि काहींना रोज तेच काम शिकवण्यात आले. ठरावीक टप्पा गाठायला रोज शिकणाऱ्यांना अधिक पाठ लागले, आणि एका वेळी एकच लहान पाठ घेणारे कुत्रे सलग तीन पाठ घेणाऱ्यांपेक्षा कमी पाठांत शिकले. महिनाभराने पाहिले तेव्हा शिकलेले सर्वांच्याच लक्षात होते. रोज शिकवणारा दिवसांच्या हिशेबाने आधी पोहोचतो हे खरे, पण वसंतात घाई कोणाला आहे? आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटे, आणि शेवट कुत्र्याला नक्की जमणाऱ्या कामाने, एवढे पुरे आहे. उरलेल्या वेळात त्याला चालवा, पळवा, पोहू द्या.

पाठ संपल्यानंतर थोडा वेळ मनसोक्त खेळू द्यावे, असेही सुचवतो. लॅब्रॅडॉर कुत्र्यांवरच्या एका अभ्यासात, नवा धडा शिकल्यानंतर लगेच खेळलेल्या कुत्र्यांना दुसऱ्या दिवशी तोच धडा पुन्हा गिरवायला स्वस्थ पडून राहिलेल्या कुत्र्यांपेक्षा कमी वेळ लागला होता.

प्रश्न: माझे इंग्लिश सेटरचे पिल्लू पाच महिन्यांचे आहे. बंदुकीच्या आवाजाची सवय आतापासून करावी म्हणून त्याला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन जावे, असा सल्ला एका अनुभवी मित्राने दिला आहे.

उत्तर: हा सल्ला कृपा करून मानू नका. बंदुकीला भिणारे कुत्रे जन्मतः क्वचितच तसे असतात, बहुतेकांना माणसांनीच तसे केलेले असते, आणि ते करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पिल्लाला नेमबाजीच्या मैदानाच्या कडेला बांधून उभे करणे. तिथे आवाज सलग येतात, ते कशासाठी होत आहेत हे त्याला कळत नाही आणि पळून जाण्याची वाटही नसते. छऱ्याच्या बंदुकीचा आवाज नळीजवळ १५० डेसिबलच्या वर जातो. माणसाच्या कानालाही १४० डेसिबलच्या पुढचा एकच धमाका इजा करू शकतो. म्हणून तयार झालेल्या कुत्र्याच्याही डोक्यावरून बार काढू नये.

सुरुवात अशी करावी की पिल्लू मोकळ्या रानात एखाद्या गोष्टीच्या मागे पूर्ण रंगून धावत असताना, दीडशे-दोनशे मीटरवर उभ्या असलेल्या मदतनीसाने खेळण्यातल्या पिस्तुलाचा एकच बार काढावा. पिल्लाने मान वर करून क्षणभर पाहिले आणि पुन्हा आपल्या कामाला लागले, तर त्या दिवसापुरते काम झाले. त्याने शेपूट खाली घातली, कान मागे टाकले किंवा ते तुमच्याकडे परतले, तर काहीही न बोलता, त्याला न कुरवाळता फिरणे चालू ठेवा, आणि पुढच्या खेपेस अंतर दुप्पट करा. आवाजाची ताकद आणि अंतर या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलू नका. अनेक जण जेवताना भांडी वाजवून सवय करतात. माझ्या मते त्यापेक्षा धावण्याच्या धुंदीतला आवाज चांगला, कारण पुढे प्रत्यक्ष कामात आवाज त्याच प्रसंगी होणार असतो, आणि जेवणाशी भीती जोडली गेली तर पिल्लू जेवणही टाकते.

एवढ्या लहान वयात आणखी एक पथ्य आवश्यक आहे. मोठ्या जातींच्या पिल्लांच्या हाडांच्या टोकांची वाढ पूर्ण व्हायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात, तोवर सायकलबरोबर पळवणे, उंच उड्या मारायला लावणे आणि कठीण जमिनीवर एकसारखे धावायला लावणे टाळा. मनाला वाटेल तेव्हा पळावे आणि वाटेल तेव्हा बसावे, हाच या वयाचा व्यायाम. पाचव्या महिन्यात बोलावल्यावर येणे, थोडा वेळ थांबणे आणि तोंडातली वस्तू आनंदाने हातात देणे एवढे आले, तरी ते भरपूर आहे.

प्रश्न: वसंतात कुत्र्याला रानात मोकळे सोडणे बेकायदा आहे असे शेजारी म्हणतात. मग पॉइंटरसारख्या कुत्र्याचा सराव करायचा कुठे?

उत्तर: शेजाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, जरी नियम प्रत्येक देशात, आणि काही ठिकाणी प्रत्येक प्रांतात, वेगळे असले. हा पाखरांच्या विणीचा काळ असतो. जमिनीवर घरटे करणारी मादी एकदा उठवली गेली तर अंडी थंड पडतात किंवा कावळ्यांच्या नजरेस येतात, आणि पिलांना तर उडताही येत नाही. नॉर्वेत १ एप्रिल ते २० ऑगस्ट या काळात कुत्रा बांधलेला किंवा पूर्ण ताब्यात असावा लागतो. स्वीडनमध्ये वन्यजीव असलेल्या भागात कुत्र्याला मोकाट धावू न देण्याची मुदत १ मार्चपासून २० ऑगस्टपर्यंत असते. जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्यात मोकळ्या रानात कुत्रा पट्ट्यावर ठेवण्याचा काळ १ एप्रिल ते १५ जुलै आहे; शिकारीच्या कामातील आणि शिक्षणातील कुत्र्यांना तिथे सूट असली, तरी ती परवानगी आणि शिस्तीच्या चौकटीतच वापरायची असते. इंग्लंडमधील सर्वांना खुल्या असलेल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात दोन मीटरपर्यंतचाच पट्टा चालतो. तुम्ही जिथे राहता तिथला नियम स्थानिक वन किंवा कृषी कार्यालयाकडून लेखी मागवून घ्या, आणि दुसऱ्याच्या जमिनीवर जायचे असेल तर जमीनमालकाची परवानगी वेगळी घ्या.

पण प्रश्न नुसत्या कायद्याचा नाही. उन्हे वाढल्यावर घरट्यावर बसलेली पाखरे उठवत फिरणाऱ्या पॉइंटरला त्यातून चांगले काहीही शिकायला मिळत नाही. फार तर पाठलाग करण्याची चटक लागते. पॉइंट धरणे म्हणजे सावजाचा वास येताच जागच्या जागी थिजून उभे राहणे. त्याचा पाया असलेला ‘थांब’ हा हुकूम कुठल्याही कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत शिकवता येतो. दोर लावून चालता चालता थांबवणे, तसेच उभे ठेवून त्याच्याभोवती फेरी मारणे, मग समोरून डमी फेकणे, आणि कायदा परवानगी देत असेल तर शेवटी पिंजऱ्यातून कबुतर उडवणे, असा क्रम ठेवा. कबुतर उडाल्यावर कुत्र्याने एक पाऊलही टाकले नाही, तर पुढच्या हंगामातला निम्मा त्रास वाचला असे समजा.

वसंतात रानातले काम अगदीच होत नाही असेही नाही. पॉइंटर आणि सेटर यांच्या कामाच्या स्पर्धा ब्रिटनमध्ये वसंताच्या सुरुवातीस होतात. त्या वेळी तितरांच्या जोड्या जमलेल्या असतात, पण अंडी घातलेली नसतात. पिके आखूड असतात आणि पाखरे मारली जात नाहीत. तिथली पहिली नोंदलेली स्पर्धा १८६५ साली बेडफर्डशर परगण्यातील साउथहिल येथे झाली होती. जर्मनीतही तरुण शिकारी कुत्र्यांची पहिली परीक्षा वसंतातच घेतली जाते. तीत नाक, सशाचा माग, शोध घेण्याची पद्धत, पॉइंट, मालकाशी सहकार्य आणि बंदुकीच्या आवाजातली स्थिरता पाहिली जाते. जखमी सावज शोधण्याची किंवा पाण्यातली कठीण कामे तीत नसतात, ती शरदातल्या परीक्षेसाठी राखलेली असतात. मला ही वाटणी शहाणपणाची वाटते.

प्रश्न: नारिंगी रंगाची नवी डमी घेतली, पण हिरव्या गवतात ती समोर पडलेली असूनही कुत्र्याला दिसत नाही. त्याची नजर अधू झाली असेल का?

उत्तर: नजर अधू असण्याची शक्यता कमी आहे. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, हे १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, पण नारिंगी आणि हिरवा जवळपास सारखेच पिवळट दिसतात. नारिंगी डमी आपल्याला सापडावी म्हणून असते. पडताना पाहून जागा हेरण्याचा सराव असेल तेव्हा पांढरी किंवा काळी-पांढरी डमी वापरा. नारिंगी डमी मात्र फेकून देऊ नका. कुत्र्याने पडताना न पाहिलेली वस्तू हाताच्या खुणेवर जाऊन नाकाने शोधायची असते, त्या सरावाला ती फार उपयोगी पडते, कारण डोळे कामी येत नाहीत म्हटल्यावर कुत्रा तुमच्या खुणेवर विश्वास ठेवायला शिकतो. असा सराव करताना वारा कुठून वाहतो आहे हे आधी पाहा, आणि पहिल्या काही वेळी कुत्र्याला वासाच्या दिशेनेच पाठवा.

प्रश्न: हंगामानंतर दोनच महिन्यांत कुत्र्याचे वजन बरेच वाढले. आहार तोच आहे.

उत्तर: आहार तोच आहे, हेच तर कारण. हंगामात दिवसभर धावणाऱ्या कुत्र्याला मिळणारा चरबीयुक्त आहार, तासभर फिरून येणाऱ्या कुत्र्याला तितकाच देत राहिलात तर तो अंगावरच बसणार. वजनाच्या आकड्यापेक्षा हाताने तपासा. बरगड्यांवर हलकेच बोटे फिरवल्यावर त्या एकेक करून जाणवल्या पाहिजेत, वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. पशुवैद्य शरीरस्थितीला एक ते नऊ असे गुण देतात. त्यांतले चार किंवा पाच गुण कामाच्या कुत्र्याला योग्य आहेत.

वजन राखण्याचा फायदा केवळ चपळतेपुरता नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर त्यांच्या जन्मभर चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या; जोडीदारापेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न मिळालेले कुत्रे सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांच्यात सांध्यांच्या दुखण्याला उपचार लागण्याची वेळही उशिरा आली. मात्र एकदम निम्मे अन्न तोडू नका. काही आठवड्यांत हळूहळू कमी करा आणि सरावात दिलेला खाऊ रोजच्या आहारातूनच वजा करा. व्यायाम वाढवतानाही असेच. या आठवड्यात जेवढे पळवले त्याच्या एक दशांशाहून अधिक पुढच्या आठवड्यात वाढवू नये, हा ढोबळ पण उपयोगी हिशेब आहे. पोट भरल्यावर लगेच पळवू नका. खोल छातीच्या जातींमध्ये पोट फुगून पीळ पडणे जिवावर बेतते.

प्रश्न: विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्याने दोन आठवड्यांत सगळे दोष जातात, असे सांगतात. तुमचे मत काय?

उत्तर: माझे मत प्रतिकूल आहे. आधी कायदा सांगतो. वेल्समध्ये २०१० पासून अशा गळपट्ट्यांवर बंदी आहे, आणि जर्मनीसह युरोपातील अनेक देशांत त्यांचा वापर निषिद्ध आहे. काही देशांत मात्र ते सर्रास विकले जातात. उपयोगाविषयी बोलायचे तर, इंग्लंडमध्ये ६३ कुत्र्यांवर केलेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहण्यासारखा आहे. बोलावल्यावर न येणे आणि गुरांमागे लागणे अशा तक्रारी असलेल्या या कुत्र्यांत, गळपट्टा वापरून शिकवलेल्यांची प्रगती खाऊ व शाबासकीने शिकवलेल्यांहून अधिक झाली नाही. ताण मात्र गळपट्ट्याच्या गटात अधिक दिसला. शिवाय शिकारी कुत्र्याच्या बाबतीत एक खास धोका असतो. पाखराच्या वासावर असताना झटका बसला तर कुत्रा त्याचा संबंध हुकमाशी न जोडता पाखराशी जोडू शकतो, आणि मग सावज टाळून लांबून वळणारा कुत्रा तयार होतो. तो दोष काढायला दोन हंगामही पुरत नाहीत. दोर आणि वेळ या दोन गोष्टी स्वस्त आहेत.

प्रश्न: तोंडातली डमी तो चावतो आणि हातात द्यायला तयार होत नाही. काय करावे?

उत्तर: ओढाताण आजपासून बंद. वस्तू घेऊन आल्यावर ती लगेच काढून घेण्याऐवजी त्याला जवळ बसू द्या, छाती थोपटा, थोडा वेळ ती तोंडातच राहू द्या, आणि मग खाऊच्या बदल्यात मागा. ज्याला वस्तू हिसकावली जाण्याची भीती उरत नाही, तो बहुधा चावायचेही थांबवतो. दात किडलेला नाही ना, तेवढे पाहून घ्या.

प्रश्न: पाण्यातला सराव केव्हा सुरू करावा?

उत्तर: तुम्हाला स्वतःला गुडघाभर पाण्यात दहा मिनिटे सहज उभे राहता आले, की पिल्लाच्या पहिल्या पाठासाठी पाणी पुरेसे ऊबदार झाले असे धरा. पहिल्याच वेळी गारठ्याने दचकलेला कुत्रा पुढे काठावर घुटमळत राहतो. त्याला ढकलू नका, उचलून फेकू तर मुळीच नका. उतरता काठ निवडा, स्वतः आत जा, आणि पोहण्याची सवय असलेला एखादा शांत कुत्रा बरोबर घ्या. पहिली डमी जिथे पाय टेकतात तिथेच टाका.

तयार कुत्र्याच्या बाबतीत अतिरेक टाळायचा असतो. हिवाळ्यात न पोहलेल्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी भरपूर पोहवले, तर दुसऱ्या दिवशी त्याची शेपूट मुळापासून लोंबकळलेली दिसू शकते. शेपटीच्या स्नायूंवर ताण येऊन असे होते, ते दुखते, आणि बहुतेक वेळा काही दिवसांच्या विश्रांतीने बरे होते. तोंड उघडे ठेवून पुन्हा पुन्हा डमी आणताना कुत्र्याच्या पोटात पुष्कळ पाणी जाते. ते फार झाले तर रक्तातले सोडियम घसरते, कुत्रा झोकांड्या देतो, ओकतो, आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास दगावतो. पाच-सहा फेऱ्यांनंतर त्याला काठावर विसावू द्या. साचलेल्या पाण्यावर हिरवट-निळसर साय दिसली तर त्या दिवशी पाण्याचा विचारच सोडा, ते शेवाळ विषारी असू शकते.

प्रश्न: आम्ही शिकार करत नाही आणि करणारही नाही, पण जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर पाळला आहे. वसंतात तो घरात फार अस्वस्थ असतो. हा सराव आमच्या कामाचा आहे का?

उत्तर: नक्कीच आहे. वर सांगितलेल्यांपैकी बंदुकीचा भाग सोडला तर सगळे काम डमीवर होते, आणि शिकार कायद्याने पूर्ण बंद असलेल्या ठिकाणीही ते करता येते. या जातीला नुसते पळवून दमवता येत नाही, उलट तिचा दमसास वाढत जातो. नाकाला काम द्या. गवतात लपवलेली डमी शोधणे, जमिनीवरून ओढत नेलेल्या कापडाचा माग काढणे, दोन डमींपैकी सांगितलेलीच आणणे, अशा पंधरा मिनिटांच्या कामाने तो तासभर पळण्यापेक्षा अधिक निवांत होईल.

प्रश्न: ऊन वाढू लागल्यावर सराव कोणत्या वेळी करावा, आणि रानातून आल्यावर काय तपासावे?

उत्तर: सकाळी लवकर. थंड, दमट हवेत वास जमिनीलगत टिकतो, आणि कुत्र्यालाही तो घेता येतो. धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही, म्हणून दुपारी फसलेल्या नाकाच्या कामाला कुत्र्याचा दोष धरू नका. वसंतातले पहिले उष्ण दिवस विशेष धोक्याचे असतात, कारण हिवाळी केस अजून पूर्ण गळलेले नसतात आणि शरीर उष्णतेला सरावायला काही आठवडे लागतात. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. जोरात धावल्यावर धडधाकट कुत्र्याचेही ते ४१ च्या पुढे जाऊ शकते, म्हणून आकड्यापेक्षा लक्षणे पाहा. जीभ रुंद होऊन टोकाशी वळणे, लाळ घट्ट होणे, सावली शोधणे, हुकमाला उशिरा प्रतिसाद देणे, एवढे दिसताच सराव थांबवा. पाय लटपटू लागले किंवा उलटी झाली, तर आधी अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, आणि मग पशुवैद्याकडे न्या. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आतच अडकते.

परतल्यावर कान, काखा, जांघा, पापण्या आणि बोटांमधल्या खाचा हाताने चाचपडून पाहा. गोचीड आढळली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा; तेल लावणे किंवा चटका देणे टाळा, कारण चिडलेली गोचीड रोगजंतू जखमेत ओकू शकते. वसंत सरता सरता गवत वाळू लागते आणि कुसळांचा त्रास सुरू होतो. कुसळ एकाच दिशेने पुढे सरकते, मागे येत नाही. बोटांमधून शिरलेले कुसळ पायात वर चढते, आणि कानात गेलेले पडद्यापर्यंत पोहोचते. रानातून आल्यावर कुत्रा एकसारखे डोके झटकत असेल, एक कान खाली धरत असेल किंवा सलग शिंकत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा, आणि घरी काडीने कान कोरू नका.